बीअरच्या रेसिपीचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

घरी बीअर बनवणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: एक्स्ट्रॅक्टच्या (माल्टच्या तयार अर्काच्या) किटवर चार-पाच बॅच झाल्या आहेत, आता माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरडून, मॅश करून, म्हणजे गरम पाण्यात भिजवून साखर काढून, २० लिटरची बॅच लावायची आहे. रेसिपी बसवायला पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यावं, की स्प्रेडशीटवर भागतं?

मॅश करून केलेल्या पहिल्या तीन बॅच होईपर्यंत घेऊ नका. त्यानंतर महिन्याला एखादी बॅच होणार असेल, तर जरूर घ्या, पैसे वसूल होतात. वर्षाला तीन-चारच बॅच होणार असतील आणि त्याही ठरलेल्या दोन-तीन रेसिपींच्या, तर स्प्रेडशीट आणि वही पुरते. किटवरच राहायचं असेल तर विचारही करू नका. किटमध्ये ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता, म्हणजे साखर किती ते), कडूपणा आणि रंग आधीच ठरलेले असतात, सॉफ्टवेअरला करण्यासारखं काही उरत नाही.

‘तीन बॅच’ का, हे नीट समजून घ्या, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. या सॉफ्टवेअरमधलं गणित जुनं आहे आणि फुकट मिळतं. विकत मिळते ती सोय: तुमचं पातेलं, तुमची चाळणी, तुमची शेगडी कशी वागते हे एकदा सांगितलं की प्रत्येक रेसिपी त्या हिशेबाने बसवून देण्याची. हे सांगायला तुमच्याकडे मोजलेले आकडे हवेत. ते नसतील तर सॉफ्टवेअर आपल्या मूळ आकड्यांवर चालतं, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या पातेल्याचा हिशेब तुम्हाला दशांशासकट दाखवतं. पडद्यावर १.०५४ दिसतं, हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायचं तरंगतं उपकरण) १.०४६ दाखवतो, आणि माणूस माल्टला दोष देत बसतो.

आधी हे गणित किती लहान आहे ते पाहा. हे सगळं एका स्प्रेडशीटमध्ये बसतं.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी: एक किलो फिकट माल्टमधली सगळी साखर काढता आली, तर ती एक लिटरला सुमारे ३०० पॉइंट देते (१.०५४ म्हणजे ५४ पॉइंट). ५ किलो म्हणजे १५००. तुमची एकूण कार्यक्षमता (त्यातली किती साखर शेवटी हाती लागते) ७२ टक्के असेल तर १०८०, आणि ते २० लिटरमध्ये पसरले की ५४, म्हणजे १.०५४. कार्यक्षमता प्रत्यक्षात ६२ टक्के निघाली तर तेच माल्ट १.०४६ देतं. यीस्टने दोन्हींतली ७५ टक्के साखर खाल्ली असं धरलं, तर पहिली बीअर ५.३ टक्के अल्कोहोलची होते आणि दुसरी ४.६ टक्क्यांची. अल्कोहोल काढण्यासाठी सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीतून शेवटची वजा करायची आणि १३१.२५ ने गुणायचं.

मॅशचं पाणी किती तापवायचं: ०.४१ ला ‘लिटर प्रति किलो’ने भागा, मॅशचं हवं असलेलं तापमान आणि कोरड्या माल्टचं तापमान यांच्यातल्या फरकाने गुणा, आणि त्यात हवं असलेलं तापमान मिळवा. किलोला ३ लिटर पाणी, माल्ट २५ अंशांवर आणि मॅश ६६ अंशांवर हवा असेल, तर उत्तर ७१.६ अंश सेल्सिअस येतं. भांडं थंड असेल तर ते स्वतः आणखी एक-दोन अंश खातं.

कडूपणा: हॉप्सचे (कडूपणा देणाऱ्या फुलांचे) ग्रॅम, त्यातल्या अल्फा ॲसिडचं प्रमाण दशांशात (१० टक्के म्हणजे ०.१०) आणि १००० यांचा गुणाकार करून लिटरने भागा, मग वापराच्या टक्क्याने (प्रत्यक्षात किती कडूपणा उतरतो त्याने) गुणा. टिन्सेथच्या सूत्राप्रमाणे १.०५० च्या वर्टमध्ये (मॅशमधून गाळलेल्या गोड द्रवात) ६० मिनिटं उकळलेल्या हॉप्ससाठी हा वापर २३ टक्के येतो, १५ मिनिटांसाठी साधारण साडेअकरा टक्के. १० टक्के अल्फाचे ३० ग्रॅम, २० लिटरमध्ये, ६० मिनिटं: साधारण ३५ आयबीयू (कडूपणाचं एकक).

रंगासाठी मोरेचं सूत्र आहे, तेही एका ओळीचं. बाटलीत घालायच्या साखरेचा हिशेब पुढे सविस्तर दिला आहे, कारण तिथली चूक महागात पडते.

एवढं फुकट होत असेल तर पैसे कशाचे? याचं उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब पातेल्यागणिक बदलतो.

पाण्याचा हिशेब, एका बॅचवर

फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) २० लिटर वर्ट हवं आहे. पातेल्याच्या तळाशी हॉप्सचा आणि प्रथिनांचा गाळ राहतो, त्यात १.५ लिटर जातं. म्हणजे थंड झालेलं २१.५ लिटर हवं. उकळतं वर्ट थंड होताना साधारण ४ टक्के आक्रसतं, म्हणून उकळी संपताना २२.४ लिटर. तासाभरात वाफ होऊन ३.५ लिटर उडतं असं धरलं, तर उकळी सुरू करताना २५.९ लिटर. ५ किलो माल्टचा चोथा किलोमागे साधारण एक लिटर धरून ठेवतो, म्हणजे ३०.९. मॅशच्या भांड्याच्या नळाखाली एक लिटर अडकतं, म्हणून एकूण ३१.९ लिटर पाणी.

आता यातला एकच आकडा चुकवून पाहा. तुमचं पातेलं रुंद तोंडाचं आहे, शेगडी जोरदार आहे, आणि तासाला ३.५ ऐवजी ५ लिटर उडतं. उकळी संपताना २०.९ लिटर राहतं, थंड झाल्यावर २०.१, गाळ सोडून फर्मेंटरमध्ये १८.६. साखर तेवढीच, पाणी कमी, म्हणून ग्रॅव्हिटी १.०५४ ऐवजी १.०५८. बीअर कमी, जड आणि जास्त कडू झाली. रेसिपी बरोबर होती, माल्ट चांगलं होतं, मॅशही नीट झाला होता. चुकला तो वाफेचा एक आकडा.

हा आकडा बॅच लावायच्या आधीच, निव्वळ पाण्यावर काढता येतो आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे. पातेलं वजनकाट्यावर ठेवून एकेक किलो पाणी घाला (एक किलो म्हणजे एक लिटर) आणि स्टीलच्या पट्टीवर प्रत्येक लिटरची खूण करा. मग रेसिपीत उकळता तेवढंच पाणी, म्हणजे २६ लिटर, भरून झाकण न ठेवता, नेहमीच्याच आचेवर ठेवा. खळखळून उकळी आल्यापासून बरोबर ३० मिनिटं मोजा, आच बंद करा, झाकण ठेवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. उरलेलं पाणी पट्टीने मोजा आणि गेलेल्या पाण्याची दुप्पट करा. उकळी येईपर्यंतही थोडी वाफ जाते, म्हणून हा आकडा किंचित जास्त येईल. पहिल्या खऱ्या बॅचनंतर तो दुरुस्त करा.

बहुतेकांची चूक इथे होते: गरम पाण्यातच पट्टी बुडवून वाचतात. २६ लिटर थंड पाणी उकळताना २७ लिटरसारखं दिसतं. सुरुवातीचं माप थंड आणि शेवटचं गरम घेतलं, तर वाफ एक लिटरने कमी वाटते. दोन्ही मापं थंड घ्या, किंवा दोन्ही गरम.

नळाखाली अडकणारं पाणी मोजायला रिकाम्या भांड्यात पाच लिटर घाला, नळ उघडा, आणि थेंब थांबल्यावर आत राहिलेलं मापात ओता. चोथ्याचं शोषण पहिल्या मॅशलाच कळतं. १५ लिटर घातलं आणि ९ लिटर वाहून आलं, तर ६ लिटर आत राहिलं. त्यातलं एक लिटर नळाखालचं, म्हणून ५ किलोमागे ५ लिटर. पिशवीत मॅश करून पिशवी पिळत असाल तर हा आकडा किलोमागे ०.६ लिटरपर्यंतही खाली येतो.

वाफ, गाळ, नळाखालचं पाणी आणि चोथ्याचं शोषण हे चार आकडे कागदावर असतील तरच सॉफ्टवेअरचं उपकरणांचं पान भरायला बसा. सगळं एकाच यंत्रात करणारी विजेची भांडी घेतली असतील, तर सॉफ्टवेअरमध्ये त्या यंत्राचं तयार पान सापडेल. त्यातलं आकारमान ठीक असतं. वाफेचा आणि कार्यक्षमतेचा आकडा मात्र स्वतःचाच घाला. व्होल्टेज, खोलीतली हवा आणि माल्टचा भरड प्रत्येकाचा वेगळा असतो.

कार्यक्षमता: दोन शब्द, एकच खाना

नवं सॉफ्टवेअर घेतलेल्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो. माल्टमधली किती साखर पातेल्यात आली, ही मॅशची कार्यक्षमता. किती साखर फर्मेंटरपर्यंत पोचली, ही एकूण कार्यक्षमता, जिला ब्रूहाउस कार्यक्षमता म्हणतात. वरच्याच उदाहरणात पातेल्यात २१.५ लिटर आणि ५४ पॉइंट, म्हणजे ११६१. त्याला १५०० ने भागलं की ७७ टक्के. फर्मेंटरमध्ये २० लिटर आणि ५४ पॉइंट, म्हणजे १०८०, म्हणून ७२ टक्के. बीअर एकच, मोजमाप एकच, पण आकडे दोन, आणि दोन्ही खरे.

काही सॉफ्टवेअर एक मागतं, काही दुसरं, काही निवडू देतं. एकूण कार्यक्षमतेच्या खान्यात तुम्ही ७७ टाकलंत, तर ५ किलोवर १.०५८ दिसेल आणि हातात १.०५४ येईल. मग माणूस पुढच्या वेळी ‘कार्यक्षमता घसरली’ म्हणून भरड आणखी बारीक करतो, चोथा चिकट होतो, वर्ट गळेनासं होतं. म्हणून मदतीच्या पानावर आधी हे शोधा: इथे कोणती कार्यक्षमता भरायची आहे? आणि गाळाचा आकडा वाढवल्यावर माल्टचं वजन किंवा ग्रॅव्हिटी यांतलं काही बदलतं का, ते करून पाहा. बदललं तर मॅशची कार्यक्षमता मागितली आहे. बदललं नाही तर एकूण.

पैसे देण्यासारखं पहिलं खरं काम इथूनच सुरू होतं: दुसऱ्याची रेसिपी स्वतःच्या भांड्यांवर आणणं. कुणी ८० टक्क्यांवर ४.५ किलो माल्टची रेसिपी लिहिली आहे आणि तुमचे ६८ टक्के आहेत, तर तुम्हाला साधारण ५.३ किलो लागेल. सॉफ्टवेअर हे एका बटणावर करतं, हॉप्सही सांभाळतं, आणि ४० लिटरची रेसिपी २० वर आणताना वाफ आणि गाळ निम्मे होत नाहीत हे लक्षात ठेवतं. स्प्रेडशीटमध्ये हे करताना एखादा खाना सुटतोच.

पण या बटणावर पूर्ण विसंबू नका. ते सगळं माल्ट एकाच प्रमाणात वाढवतं. स्टाउटमध्ये ४०० ग्रॅम भाजलेलं बार्ली असेल, तर त्याचं ४७० ग्रॅम होतं. भाजलेल्या धान्याचा रंग आणि कडवट चव तुमच्या साखर काढण्याच्या कार्यक्षमतेच्या प्रमाणात कमी-जास्त होत नाही. ती मुख्यतः लिटरमागे किती ग्रॅम घातलं यावर ठरते. म्हणून कार्यक्षमतेतला फरक मूळ फिकट माल्टने भरून काढा आणि भाजलेली धान्यं लिटरमागे तेवढीच ठेवा. बॅचचा आकार बदलताना मात्र सगळं प्रमाणात बदला.

आकडा अचूक दिसतो, म्हणून खरा नसतो

कडूपणाचा आकडा घ्या. वरच्या ३० ग्रॅम हॉप्सना टिन्सेथचं सूत्र ३५ आयबीयू देतं, रेगरचं सूत्र त्याच हॉप्सना ४६. दोघांतलं कुणी खोटं नाही, दोन्ही अंदाजाची सूत्रं आहेत. अडचण येते ती जुनी रेसिपी उतरवताना. तिच्यावर ‘४६ आयबीयू’ लिहिलेलं आहे, ती रेगरने काढलेली आहे, आणि तुमचं सॉफ्टवेअर टिन्सेथवर आहे. ४६ गाठायला तुम्ही हॉप्स ४० ग्रॅमपर्यंत वाढवता आणि मूळ बीअरपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कडू बीअर बनवता. रेसिपी उतरवताना ग्रॅम, अल्फा आणि मिनिटं उतरवा. आयबीयू तुमच्या सॉफ्टवेअरला काढू द्या. सूत्र एक निवडा आणि कधीही बदलू नका, म्हणजे ‘माझ्या ३५ची चव अशी लागते’ हे जिभेला कळायला लागतं. तोच या आकड्याचा खरा उपयोग.

अल्फाचा आकडा पाकिटावरचा घाला. यादीतून हॉप्सचं नाव निवडलं की १० टक्के आपोआप येतं, तुमच्या पाकिटावर १३ असतं, आणि ३५ आयबीयूची बीअर ४५ची होते. माल्टच्या रंगाचंही तसंच. लोविबाँड आणि ईबीसी ही रंगाची दोन एककं; ६० लोविबाँडचं क्रिस्टल माल्ट ईबीसीत साधारण १५८ असतं. लोविबाँडचा आकडा ईबीसीच्या खान्यात पडला तर पडद्यावर फिकट सोनेरी बीअर दिसते आणि ग्लासात तांबूस उतरते. म्हणून पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन लिटर, ग्रॅम, सेल्सिअस आणि रंगाचं एकक ठरवून टाका.

शेवटची ग्रॅव्हिटी कुठलंच सॉफ्टवेअर खात्रीने सांगू शकत नाही. यीस्टच्या सरासरीवरून ते १.०१२ म्हणतं, पण मॅश ६९ अंशांवर झाला असेल तर बीअर १.०१५-१.०१६ वर थांबू शकते, आणि सेझों या बेल्जियन बीअरचं डायस्टॅटिकस जातीचं यीस्ट असेल तर १.००२ पर्यंत उतरू शकते. बाटल्या भरायचा निर्णय पडद्यावरच्या आकड्यावरून कधीही घेऊ नका. हायड्रोमीटर तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा दाखवेल तेव्हाच भरा. अर्धवट आंबलेली बीअर बाटलीत गेली तर काच फुटते आणि लागते.

आता बाटलीतल्या साखरेचं. २० लिटर बीअरमध्ये २.४ व्हॉल्यूम गॅस (बीअरच्या आकारमानाच्या २.४ पट कार्बन डायऑक्साइड) हवा आहे. बीअर २० अंशांवर आंबली, तर तिच्यात आधीच साधारण ०.८६ व्हॉल्यूम विरघळलेला असतो. उरलेल्या १.५४ साठी लिटरमागे एका व्हॉल्यूमला साधारण ४ ग्रॅम साखर, म्हणजे १२३ ग्रॅम. सॉफ्टवेअर ‘बीअरचं तापमान’ विचारतं. बाटल्या भरायच्या आधी गाळ बसावा म्हणून तुम्ही फर्मेंटर दोन दिवस ४ अंशांवर ठेवलेला असतो, म्हणून प्रामाणिकपणे ४ लिहिता. सॉफ्टवेअर समजतं की बीअरमध्ये १.४८ व्हॉल्यूम आधीच आहे, आणि ७४ ग्रॅम साखर सांगतं. तीन आठवड्यांनी बीअर मऊ, जवळजवळ बेचव निघते. आंबणं संपल्यावर बीअर ज्या सर्वांत गरम तापमानाला होती, ते तिथे लिहायचं. गॅस तेव्हाच निघून गेला, नंतर थंड केल्याने तो आपोआप परत येत नाही. खान्याचं नाव चुकीचं ठेवलेलं आहे, गणित बरोबर आहे.

रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणारं उपकरण) वापरत असाल तर त्यासाठीचं दुरुस्तीचं पान मात्र फार उपयोगी आहे. अल्कोहोल आलं की रिफ्रॅक्टोमीटर फसतो. १२.४ ब्रिक्सने (साखरेच्या टक्क्यांनी) सुरू झालेलं वर्ट शेवटी ६.३ दाखवतं. ते सरळ ग्रॅव्हिटीत बदललं तर १.०२५ येतं आणि आंबणं अडकलं असं वाटतं. दुरुस्ती केली की १.०१२ च्या आसपास येतं, आणि बीअर झालेली असते. हे सूत्र हाताने लिहिण्यात चुका होतात, सॉफ्टवेअरमध्ये ते तयार मिळतं.

पाण्यातल्या क्षारांचं पान हे पैसे देण्याचं दुसरं चांगलं कारण. १० लिटर पाण्यात १ ग्रॅम जिप्सम घातलं की कॅल्शियम सुमारे २३ आणि सल्फेट ५६ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) वाढतं, इथवर कागदावर जमतं. पण चार क्षार, दोन पाणी, ॲसिड आणि पाच माल्ट मिळून मॅशचा पीएच किती होईल, हे हाताने काढणं कष्टाचं आहे. इथे तीन ठिकाणी घसरण होते. कॅल्शियम क्लोराइड पाणी धरलेलं आहे की कोरडं, हे डब्यावर वाचा. कोरड्यात कॅल्शियम ३६ टक्के, डायहायड्रेटमध्ये २७. प्रयोगशाळेच्या अहवालात सल्फेट गंधकाच्या रूपात दिलेलं असेल तर त्याला ३ ने गुणा. आणि क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात असेल तर बायकार्बोनेटसाठी १.२२ ने. याशिवाय लॅक्टिक ॲसिड ८८ टक्के आहे की ८०, तेही निवडा. अंदाज ५.४ आला, तरी पहिल्या दोन-तीन बॅचना मॅशमधून नमुना काढून खोलीच्या तापमानाला आणून मीटरने मोजा. नेहमी ०.१ ने वर किंवा खाली येत असेल तर तो फरक धरून चाला. पाण्याचा अहवालच नसेल तर हे पान उघडू नका. त्याऐवजी आरओ पाण्यापासून सुरुवात करा, मग सगळे आकडे शून्याजवळ असतात.

यीस्टचा हिशेब ठीकठाक असतो. एल प्रकारच्या बीअरसाठी मिलिलिटरमागे, प्लेटोच्या (हेही ब्रिक्ससारखं साखरेच्या टक्क्यांचं एकक) प्रत्येक अंशामागे ०.७५ दशलक्ष पेशी धरतात. २० लिटर, १२.४ प्लेटो म्हणजे १८६ अब्ज. लागरला दुप्पट. द्रव यीस्टचं वय टाकून स्टार्टर (थोड्या वर्टमध्ये आधी वाढवलेलं यीस्ट) किती करायचा ते सॉफ्टवेअर सांगतं. कोरडं यीस्ट वापरणाऱ्याला याची गरज फारशी पडत नाही.

घ्यायचं ठरलं तर

आधी वजनकाटा, थर्मामीटर आणि हायड्रोमीटर यांवर खर्च करा. क्षार आणि हॉप्ससाठी ०.१ ग्रॅमचा काटा हवा. हायड्रोमीटर २० अंशांच्या डिस्टिल्ड पाण्यात १.००० दाखवतो का पाहा, मग ९०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅम साखर विरघळवून १.०४० येतं का पाहा (हायड्रोमीटर १५.६ अंशांवर बसवलेला असेल तर पाणीही त्याच तापमानाचं घ्या). दुसरी चाचणी लोक करत नाहीत, आणि शून्यावर बरोबर असलेला हायड्रोमीटर ४० वर तीन पॉइंटने चुकलेला सापडतो. अशा हायड्रोमीटरवर कुठलंही सॉफ्टवेअर बसवून उपयोग नाही.

मग मोफत पर्यायापासून सुरू करा. ब्रूटार्गेट मुक्त स्रोत आहे, संगणकावर चालतं, आणि वरचं बहुतेक सगळं करतं. बीअरस्मिथ खूप सखोल आहे. त्याची खिडक्या-खान्यांची गर्दी पहिले काही दिवस अंगावर येते, पण ज्याला प्रत्येक आकडा हाताळायचा आहे त्याला ते आवडतं. ब्रूफादर आणि ब्रूअर्स फ्रेंड वेबवर चालतात. फोनवर काम करायचं असेल, किंवा टिल्ट, आयस्पिंडलसारख्या तरंगत्या हायड्रोमीटरचे आकडे आपोआप नोंदवायचे असतील, तर ब्रूफादरकडे आधी पाहा. पैसे भरण्यापूर्वी मोफत रूप वापरून बघा. त्यात बहुधा जतन करायच्या रेसिपींवर मर्यादा असते, पण पारखायला तेवढं पुरतं.

पारखायची रीत अशी. नवी रेसिपी बनवत बसू नका. झालेली, मोजमाप लिहून ठेवलेली बॅच त्यात भरा: माल्टची वजनं, पाणी, उकळीचे आकडे, पाकिटावरचा अल्फा. तुमचे चार आकडे आणि कार्यक्षमता घातल्यावर ते उकळीआधीचे लिटर अर्ध्या लिटरच्या आत आणि ग्रॅव्हिटी दोन-तीन पॉइंटच्या आत सांगतं का? दुसऱ्या बॅचवर, कुठलाही आकडा न बदलता, पुन्हा तेच करा. दुसऱ्या वेळीही जमलं तर तुमचं उपकरणांचं पान तयार आहे आणि हे सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं आहे. फार जड बीअर, म्हणजे १.०७५ च्या पुढची, या चाचणीला घेऊ नका. किलो वाढले की कार्यक्षमता खाली येते. जड बीअरसाठी उपकरणांच्या पानाची वेगळी प्रत करा आणि तिच्यात कार्यक्षमता कमी धरा.

वार्षिक वर्गणीला बॅचच्या संख्येने भागून पाहा. वर्षाला १५ बॅच असतील तर एका बॅचमागे येणारा आकडा हॉप्सच्या पाकिटापेक्षा बहुधा कमी निघेल. तीन बॅच असतील तर त्याच पैशांत चांगलं थर्मामीटर येईल, आणि ते वर्षानुवर्षं कामाला येईल. हॉप्स आणि माल्टचा साठा ठेवणाऱ्याला सामानाची यादी आपोआप वजा होण्याचा मोठा फायदा असतो. एक-एक बॅचचं सामान आणणाऱ्याला तो अजिबात नसतो.

आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट करून पाहा: एखादी रेसिपी बीअरएक्सएमएल या सामाईक फाइल स्वरूपात बाहेर काढा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. माल्ट, हॉप्स, यीस्ट बहुधा नीट जातात. मॅशच्या पायऱ्या, पाण्यातले क्षार आणि तुम्ही बॅचला मोजलेले आकडे वाटेत गळू शकतात. म्हणून बॅच झाली की तिचं एक पान छापून किंवा वहीत उतरवून ठेवा: उकळीआधीचे आणि नंतरचे लिटर, दोन्हींची ग्रॅव्हिटी, फर्मेंटरमध्ये गेलेले लिटर, मॅशचं तापमान सुरुवातीला आणि शेवटी, पीएच, शेवटची ग्रॅव्हिटी. वर्गणी थांबवलीत किंवा सॉफ्टवेअर बदललंत तरी या नऊ आकड्यांवरून नवं उपकरणांचं पान तासाभरात उभं राहतं.